शेरा वेगळा, अभिप्राय वेगळा

५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालेलं ‘दीक्षा’ हे शालेय शिक्षणाचं डिजिटल व्यासपीठ ‘सनबर्ड’ या मुक्तस्रोत प्रणालीवर उभं आहे. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की धड्याचं साहित्य उघडतं. आधी डाउनलोड केलं असेल तर नेटशिवायही चालतं. द्विशिक्षकी शाळेला याचं मोल विचारा! पण शिक्षकाने शिक्षकाला सांगायचं ते अजून केंद्रातल्या शाळांच्या शिक्षण परिषदेत, चहाच्या वेळीच जास्त निघतं: ‘हातच्याच्या वजाबाकीत पोरं अडकली, मग दहा काड्यांचा गठ्ठा सोडून दाखवला.’ असं वाक्य ‘दीक्षा’वर लिहिलं आणि ते अधिकारी साहेबांच्या डॅशबोर्डवर झळकणार असेल, तर शेरेबुकाच्या धास्तीने कुणी लिहिणारच नाही. ते सहकाऱ्यांपुरतंच राहायला हवं. शिवाय आवाजात नोंदवायची सोय हवी. खडूच्या हाताने टाइप करत कोण बसतो?