टिकाऊ कापड हेच खरे स्वस्त

अन्न, वस्त्र आणि निवारा या माणसाच्या मूलभूत गरजा होत. यांपैकी अन्नाचा विचार आपण बारकाईने करतो. घर बांधताना विटेची व लाकडाची पारख करतो. बियाण्याच्या पिशवीवरील मजकूर वाचल्याखेरीज जाणता शेतकरी पैसे मोजत नाही. वस्त्राच्या बाबतीत मात्र ही चिकित्सा अलीकडे मागे पडली आहे. आठवडे बाजारातील ढिगातून किंवा मोबाइलवरील चित्र पाहून कपडा घ्यावा, चार धुण्यांत त्याचा रंग उतरावा, शिवण उसवावी आणि पुढच्या सणाला पुन्हा नवा घ्यावा, असा क्रम अनेक घरांत पडला आहे. ज्या घरी कापूस पिकतो तेथेही हेच चालावे, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

हिशेब दिवसांचा करावा

बैल किंवा अवजार घेताना ते किती वर्षे काम देईल हे आपण आधी पाहतो. हीच दृष्टी कपड्यासही लावावी. समजा, ३०० रुपयांचा सदरा सहा महिन्यांत फाटला, तर त्याचा खर्च दरमहा ५० रुपये पडला. ६०० रुपयांचा सदरा दोन वर्षे टिकला, तर दरमहा २५ रुपयेच पडले. म्हणजे दुप्पट किमतीचा कपडा निम्म्या खर्चात पडला. पाच-सहा माणसांच्या कुटुंबात हा फरक वर्षाअखेर चांगलाच जाणवतो. उसनवारीवर दिवाळीचे कपडे घेणाऱ्या घराने तर हा हिशेब अवश्य मांडावा.

सदऱ्यामागे किती कापूस?

एक क्विंटल कापूस पिंजून (जिनिंग करून) सुमारे ३४ किलो रुई मिळते. बाकीची बहुतेक सरकी असते. सूत कातताना, विणताना व कापड बेतताना आणखी घट येते. पाव किलो वजनाच्या एका सुती सदऱ्यासाठी, या हिशेबाने, जवळजवळ किलोभर कापूस खर्ची पडतो. त्यामागे जमीन, पाणी, खत, फवारणी आणि वेचणी करणाऱ्या भगिनींचे श्रम असतात. असा कपडा थोड्याच महिन्यांत टाकून देणे म्हणजे हे सारे वाया घालविणे होय.

कापडाचा टिकाऊपणा शेतातच सुरू होतो. लांब व पक्व तंतू पिळात एकमेकांस घट्ट धरून राहतात, म्हणून त्यांचे सूत बळकट होते. आखूड तंतूंची टोके बाहेर निघतात, कापडाची लव झडते व ते लवकर विरते. गुलाबी बोंडअळीने किडलेल्या बोंडांतील कवडी आणि फरदडीचा कापूस यांचे तंतू आखूड व कच्चे असतात. म्हणून कवडी वेगळी वेचणारा आणि फरदड न घेणारा शेतकरी हा टिकाऊ कापडाचा पहिला कारागीर समजावा.

पारख कशी करावी?

१. कापड उजेडासमोर धरावे. वीण सारखी व दाट दिसली पाहिजे. जागोजाग विरळ दिसणारे कापड घेऊ नये.

२. कापड दोन्ही हातांनी चोळावे. पांढरी भुकटी झडली व कापड लुळे पडले, तर त्याचा भरदारपणा खळीचा होता असे समजावे.

३. कपडा उलटा करून शिवण पाहावी. टाके जवळजवळ असावेत, शिवणीच्या आत पुरेसे कापड सोडलेले असावे. काखेत व खिशाच्या कोपऱ्यांवर दुहेरी शिवण असावी.

४. ओला पांढरा रुमाल कापडावर घासावा. त्यावर रंग उतरला, तर तो कच्चा आहे.

५. सुती म्हणून विकलेल्या कापडाचे दोन धागे काढून जाळावेत. सुताचा धागा कागदासारखा जळतो व मऊ राख होते. पॉलिएस्टरचा धागा आकसून वितळतो व त्याची कठीण गोळी बनते.

६. कोरे कापड शिवण्यापूर्वी पाण्यातून काढून वाळवावे, म्हणजे शिवलेला कपडा पुढे आटत नाही.

पॉलिएस्टरचा धागा बळकट असतो, हे नाकारता येणार नाही. मिश्र धाग्याचे चांगले कापड दीर्घकाळ टिकते. परंतु पॉलिएस्टर घाम शोषून घेत नाही व आगीत वितळून कातडीला चिकटते. सुती कापडही पेट घेते, म्हणून चुलीपाशी पदर खोचलेला असावा. मात्र उन्हातील कामासाठी व चुलीपुढे सुती कापडच बरे. सुताचा धागा भिजल्यावर अधिक बळकट होतो, त्यामुळे तो वारंवार धुणे सोसतो. शेतकामासाठी तिरकस विणीचे जाड ड्रिल कापड विशेष टिकते.

फवारणीचा पोशाख

घरातील सर्वांत विरलेला कपडा फवारणीसाठी राखून ठेवण्याची पद्धत घातक आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे विसरून चालणार नाही. पूर्ण बाह्यांचा, धड स्थितीतील जाड कपडा घालावा आणि त्यावर हातमोजे, मुखपट्टी, चष्मा व संरक्षक पोशाख वापरावा. सुती कपडा औषध शोषतो, म्हणून तो भिजताच बदलावा आणि घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळा धुवावा.

आहेराची साडी

लग्नसराईत ‘देण्याघेण्याच्या’ म्हणून स्वस्त साड्यांचे गठ्ठे घेतले जातात. घेणारी ती नेसत नाही, पुढच्या लग्नात दुसरीला देते. टॉवेल-टोपीचीही हीच गत आहे. यात कर्ज होते आणि कोणाचेही अंग झाकले जात नाही. मानपान पाळावयाचाच असेल तर मोजक्या जणांस नेसण्याजोगे एकेक चांगले वस्त्र द्यावे. एका घराने हे करणे अवघड जाते. गावाने मिळून ठरविले तर कोणासही कमीपणा वाटत नाही.

जुन्याचा उपयोग

लुगडे मध्यभागी विरले की ते कापून, धड काठ आत घेऊन दंड घालण्याची रीत आपल्या आजीला ठाऊक होती. धडुत्यांची गोधडी होई, गोधडी झिजली की पोतेरे होई. ही रीत आजही उपयोगाची आहे. लहान छिद्र दिसताच रफू करावे. घामाचा कपडा त्याच दिवशी धुवावा. रंगीत कपडा उलटा करून सावलीत वाळवावा. धुण्याचा सोडा व ब्लीचिंग पावडर बेताने वापरावी. पावसाळ्यात ओलसर कपडे घडी घालून ठेवू नयेत, बुरशीने सूत कुजते.

रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी शेताभोवती जुन्या साड्या बांधतात. उन्हाने पॉलिएस्टरच्या साडीच्या चिंध्या होतात. त्या मातीत कुजत नाहीत आणि जनावरांच्या पोटात गेल्यास अपाय करतात. हंगाम संपताच त्या गोळा कराव्यात, बांधावर जाळू नयेत. निव्वळ सुती चिंध्या मात्र बटणे काढून कंपोस्टच्या खड्ड्यात घालता येतात.

कार्यकर्त्यांसाठी

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतीशाळेत किंवा बचत गटाच्या बैठकीत वरील कसोट्या प्रत्यक्ष करून दाखवाव्यात. दोन सदरे, एक ओला रुमाल आणि काडेपेटी एवढ्या साहित्यात हे प्रात्यक्षिक होते. गटाकडे शिलाई यंत्र असल्यास आठवड्यातून एक दिवस दुरुस्तीसाठी ठेवावा. गावातील शिंप्यास काम मिळेल अशी व्यवस्था झाल्यास अधिक चांगले.

शेतकरी बंधु-भगिनींनो, वाण निवडताना जी डोळस बुद्धी आपण वापरता तीच कापडाच्या दुकानातही वापरा. थोडे घ्या, पारखून घ्या आणि नीट जपा. घरातील पैसा घरात राहील आणि आपल्याच कापसाला मोल देणारे गिऱ्हाईक प्रथम आपल्या घरी निर्माण होईल.