फायनान्सचं कर्ज गटाकडे वळवताना

गेल्या महिन्यात चिखली तालुक्यातल्या एका गटाच्या बैठकीला गेले होते. वसुली झाली, वह्या भरल्या, आणि उठता उठता एक ताई म्हणाली, "फायनान्सचा हप्ता झेपत नाही. गटातून कर्ज घेऊन तो एकदाचा मोडून टाकला त चालंल का?" तिच्या शेजारची काकू लगेच म्हणाली, "याची टोपी त्याच्या डोक्यावर! कर्ज ते कर्जच." दोघींच्याही बोलण्यात तथ्य होतं.

शहरात क्रेडिट कार्डवाले हेच करतात. एका कार्डावर थकलेली बाकी कमी व्याजाच्या दुसऱ्या कार्डावर नेतात आणि तिथे फेडतात. आपल्याकडे कार्ड नाही, पण गट आहे. आणि गटाच्या बँक कर्जातून असं करता येतं का, ही शंका असेल तर ती काढून टाका. रिझर्व्ह बँकेने उमेदच्या गटांसाठी बँकांना जे नियम दिले आहेत, त्यांत जास्त व्याजाचं जुनं कर्ज मोडण्यासाठी पैसे वापरता येतात असं स्पष्ट म्हटलं आहे. फक्त कर्ज २ लाखांच्या वर गेलं की निम्मा तरी पैसा कमाईच्या कामाला लागला पाहिजे.

आता त्या ताईचा हिशोब. कर्ज ३०,०००, मुदत २४ महिने, व्याज वर्षाला २४ टक्के, म्हणजे आपल्या भाषेत शेकडा दोन. हप्ता साधारण १,५८६ रुपये. बारा हप्ते झाले होते. तिला वाटत होतं निम्मं कर्ज फिटलं, १५,००० राहिले. पण बाकी होती १६,७७४. सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजच जास्त जातं, म्हणून असं होतं. पुढचे बारा हप्ते भरले तर आणखी १९,०३४ रुपये जाणार.

गटाने तेच १६,७७४ शेकडा एकने दिले आणि तिने बारा महिन्यांतच फेडले, तर हप्ता १,४९० आणि एकूण १७,८८४. म्हणजे साडेअकराशेची बचत. इथे पहिली ताई बरोबर.

पण हप्ता तर शंभरानेही कमी झाला नाही! म्हणून बायका म्हणतात, मुदत वाढवा. चोवीस महिने केले की हप्ता ७९० वर येतो, जीव हलका होतो. एकूण मात्र १८,९५० जातात, बचत उरते शंभराच्या आत. छत्तीस महिने केले तर २०,००० च्या वर जातात, म्हणजे स्वस्त व्याजाचं कर्ज महागाच्या कर्जापेक्षा जास्त पैसे खातं. इथे काकू बरोबर. हप्ता कमी होणं आणि खर्च कमी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण बहुतेक वेळा पहिलीलाच भुलतो.

व्याजाचा दर विचारताना आणखी एक विचारा: उतरत्या बाकीवर की फ्लॅट? १०,००० रुपये वर्षासाठी १२ टक्के फ्लॅटने घेतले तर १,२०० व्याज. ऐकायला शेकडा एकच वाटतं. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल परत करत असता आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण १०,००० वर भरता. तो दर खरा साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास पडतो. म्हणून १२ टक्के फ्लॅटला गटाच्या शेकडा एकच्या शेजारी बसवू नका. वर प्रक्रिया शुल्क, विमा कापला असेल तर तोही धरा.

त्या ताईला हप्ता न्यायला येणाऱ्या मुलाने सांगितलं होतं, की मुदतीआधी बंद केलं तर दंड लागेल. हे चूक आहे. १ एप्रिल २०२२ पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे मायक्रोफायनान्सच्या कर्जाला मुदतीआधी फेडल्याचा दंड लावता येत नाही. "आज बंद केलं तर किती भरायचे," हा आकडा शाखेतून लेखी मागा. गटाने पैसे ताईच्या हातात न देता तिच्यासोबत शाखेत जाऊन भरावेत. लग्नसराईत हातात आलेला पैसा कुठे जातो ते मी सांगायला नको. कर्ज पूर्ण फिटल्याची नोंद कर्जाच्या कार्डावर करून घ्या, थकबाकी नसल्याचा दाखलाही घ्या. जुनं कर्ज उघडं राहिलं आणि नवं डोक्यावर आलं, तर मग खरंच टोपीचा खेळ.

गटाकडे बँकेची सीसी असेल तर तिचाही विचार करा. सीसीत जेवढे पैसे उचलले तेवढ्यावर, तेवढ्याच दिवसांचं व्याज लागतं. उमेदच्या गटाला ३ लाखांपर्यंत ७ टक्के धरा, तर लाखावर दिवसाला १९ रुपये. वसुलीचे पैसे खजिनदाराच्या पेटीत दहा दिवस पडून राहिले, तर १९० रुपये उगाच गेले. बैठकीच्या दुसऱ्या दिवशी भरणा करा.

त्या ताईचं शेवटी काय केलं? तिची अडचण खरं तर सोयाबीन घरात येईपर्यंतची होती. गटाने ठरवलं, पहिले तीन महिने फक्त ५००, चौथ्या महिन्यात सोयाबीन विकून एकदम ५,०००, आणि उरलेले आठ हप्ते १,४२८ चे. वर्षातच कर्ज फिटतं, अकराशे वाचतात, आणि भादव्यात कुणापुढे हात पसरावा लागत नाही. काकूंनीच ठरावावर पहिली सही केली.