किल्ली घरातच राहते

भाड्याने घेतलेला सर्व्हर सुरू केला की त्याची लॉगची फाइल उघडून पाहावी. 'रूट' या नावाने पासवर्ड चुकला, 'अ‍ॅडमिन' नावाने चुकला, 'टेस्ट' नावाने चुकला, अशा ओळींवर ओळी पडत असतात. डोणगावात घरी बसून वेबसाइटची कामं करणाऱ्या माझ्या भाचीने छोटा सर्व्हर घेतला, तेव्हा तिला आधी हेच दाखवलं.

"मामा, मले कोण ओळखते एवढं?"

कोणीच नाही. ही माणसं नसतात, यंत्रं असतात, आणि ती इंटरनेटवरचा एकेक पत्ता ठोठावत जातात. मेहकर तालुक्यातली मुलगी आहे की अमेरिकेतली बँक, त्यांना फरक पडत नाही. म्हणून पासवर्ड बंद करून किल्लीने शिरायचं ठरलं.

सर्व्हरशी सुरक्षित जोडून देणारं ओपनएसएसएच विंडोज 10 मध्ये 2018 पासून आयतंच मिळतं, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. काळी खिडकी उघडून तिने 'एसएसएच-कीजेन' ही आज्ञा दिली आणि किल्लीचा प्रकार सांगितला, ईडी25519. जुन्या आरएसए किल्ल्या अजून चालतात, पण त्यांची ओळ लांबलचक असते. ही आटोपशीर आहे आणि तितकीच भरवशाची. किल्ली कुठे ठेवू, या प्रश्नाला नुसतं एंटर दाबलं तरी चालतं. मात्र 'या नावाची फाइल आधीच आहे, तिच्यावर लिहू का' असं विचारलं, तर तिथे हात आवरावा. हो म्हटलं की जुनी किल्ली गेली, ती परत मिळत नाही.

मग परवलीचं वाक्य मागितलं जातं. इथे भाची थबकली. "कीबोर्ड बंद पडला काय?" बंद नव्हता. टाइप करताना पडद्यावर अक्षर तर नाहीच, चांदणीसुद्धा उमटत नाही, म्हणजे मागे उभ्या असलेल्याला लांबीही मोजता येऊ नये. बरेच जण इथे कंटाळून वाक्य रिकामंच सोडतात. तसं केलं तर लॅपटॉप ज्याच्या हाती, सर्व्हर त्याचा.

वाक्य दोनदा दिलं आणि क्षणात ठिपके, अधिक-चिन्हं, बरोबरची चिन्हं यांनी भरलेला चौकोन उमटला. किल्लीचा आकड्या-अक्षरांचा लांब ठसा माणसाला लक्षात राहत नाही, म्हणून त्याचं हे चित्र.

फोल्डरमध्ये फायली दोन. एकीचं शेपूट 'पब', तिच्यात एकच ओळ. ती कुलपासारखी आहे, दहा सर्व्हरांना लावा, कोणालाही दाखवा. दुसरी खासगी, ती या लॅपटॉपबाहेर जात नाही. लॉगिन करतानासुद्धा जात नाही, आणि सगळी गंमत तिथेच आहे. त्या वेळच्या जोडणीपुरती काही माहिती ठरते, लॅपटॉप तिच्यावर खासगी किल्लीने सही करतो, सर्व्हर हातातल्या ओळीने ती सही पडताळतो. वाटेत कोणी ही सही उचलली तरी पुढच्या जोडणीला ती कामाची नाही.

हे सगळं जन्मलं ते एका चोरीतून. 1995 मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणीतरी पासवर्ड टिपत बसलं होतं. तेव्हा दूरच्या यंत्रावर लॉगिन करायच्या टेलनेटमध्ये पासवर्ड उघडाच जायचा. तिथल्या तातू युलोनेन यांनी त्यावर एसएसएच लिहिलं आणि त्यासाठी 22 क्रमांकाचं पोर्ट मागून घेतलं. एफटीपीचं 21, टेलनेटचं 23, मधलं मोकळं होतं.

किल्लीचा जीव असतो यादृच्छिकतेत. डेबियन या लिनक्स वितरणात 2006 मध्ये एका बदलाने ती जवळजवळ पुसली गेली आणि 2008 पर्यंत कोणाच्या ध्यानात आलं नाही. एका प्रकारच्या, एका लांबीच्या जेमतेम 32,767 किल्ल्या शक्य उरल्या होत्या. एवढ्या तर कोणीही बसून तपासून काढेल.

पुढचं काम किचकट नाही, पण वैताग आणणारं आहे. लिनक्सवर सार्वजनिक ओळ सर्व्हरवर पोचवायला तयार आज्ञा असते, विंडोजमध्ये ती नाही. ओळ हाताने चिकटवावी लागते, आणि ती एकच ओळ राहिली पाहिजे. मध्ये तुटली की सर्व्हर किल्ली ओळखतच नाही आणि कारणही नीट सांगत नाही. पहिल्यांदा जोडताना सर्व्हर आपला ठसा दाखवतो, 'यस' पूर्ण लिहायला लावतो. तिथे डोळे मिटून यस म्हणण्याची सगळ्यांनाच सवय आहे. आम्ही तो सर्व्हर देणाऱ्याच्या पानावरच्या ठशाशी जुळवून पाहिला.

तिच्या ओळखीच्या एका सीनिअरने मधेच निरोप धाडला होता, "कशाला त्रास घेतेस, माझी किल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो." मदतीचा हेतू चांगला, सल्ला वाईट. ज्याची त्याने आपल्या यंत्रावर करावी. मग कोणी काम सोडलं तर त्याची तेवढी ओळ खोडता येते, बाकीच्यांचं काही अडत नाही.

शेवटी सर्व्हरवरचं पासवर्ड-लॉगिन बंद केलं. ते करताना चालू खिडकी मिटवू नका. दुसऱ्या खिडकीतून किल्लीने आत जाता येतं हे पाहा, मगच पहिली बंद करा. आणि लॅपटॉप दुरुस्तीला टाकण्याआधी किंवा विकण्याआधी त्याची ओळ सर्व्हरवरून काढायला विसरू नका.