गिटारचा ॲम्प घेताना: मोठा नको, पेलेल असा घ्या



ह्या कार्यक्रमात आपण शिलाई मशीन, पिठाची गिरणी, मिरची कांडप अशी यंत्रं घेताना काय बघायचं ते बोललो आहोत. आजची वस्तू आपल्यापैकी फारशा कुणाच्या घरात नसेल. पण नियम तोच आहे. गटाचा पैसा ज्या वस्तूत जायचा, ती वस्तू आधी समजून घ्यायची. आजची वस्तू आहे इलेक्ट्रिक गिटारचा ॲम्प्लिफायर, आणि तोही व्हॉल्व्हचा. पोरं त्याला नुसतं ॲम्प म्हणतात. आम्ही आधी पेटी म्हणत होतो, पण भजनी मंडळात पेटी म्हणजे हार्मोनियम. घोळ व्हायला लागला, म्हणून आम्हीही ॲम्पच म्हणायला लागलो.

झालं असं, की मासिक बैठकीत आमच्या एका ताईंनी लेकीसाठी ६० हजारांचं कर्ज मागितलं. लेक कोल्हापुरात शिकते आणि चौघांच्या रॉक बँडमध्ये गिटार वाजवते. हॉटेलात, कॉलेजच्या गॅदरिंगला त्यांचे महिन्याला साधारण चार कार्यक्रम होतात. एका कार्यक्रमाचे तिच्या वाट्याला अडीच हजार येतात, त्यातले ८०० रुपये ॲम्पच्या भाड्यात जातात. स्वतःचा ॲम्प असला तर ते पैसे वाचतील, असं तिचं म्हणणं.

बैठकीत कुजबुज झाली. आमच्या आक्का म्हणाल्या, "गिटारला कर्ज? उद्या कुणी ढोलकीला मागेल." त्यावर दुसऱ्या मावशी म्हणाल्या, "मागू दे की. ढोलकीवाल्याचं पोट ढोलकीवरच चालतं ना?" ताई खाली मान घालून बसल्या होत्या. नाही म्हणणं सोपं होतं, पण गिरणीसाठी कर्ज मागणारीला आम्ही दहा प्रश्न विचारतो, मग हिला एकही न विचारता परत कसं पाठवायचं? आम्ही मुलीलाच पुढच्या बैठकीला बोलावलं. मिरजेत पूर्वी व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिरांनाही भेटून आलो. त्यातून जे कळलं ते आज सांगतो.

आपण मिरजेच्या शेजारचे. तानपुरा, सतार आपल्याला नवी नाही. तानपुऱ्याची तार नुसती छेडली तर आवाज बारीक येतो, खालचा भोपळा तो भरीव करतो. इलेक्ट्रिक गिटारचं अंग बहुतेक वेळा भरीव लाकडाचं असतं, त्याला भोपळा नाही. तारांखाली लोहचुंबकावर गुंडाळलेली बारीक तार असते. वरची पोलादी तार हलली की ह्या गुंडाळीत अगदी किंचित वीज तयार होते. ती वायरीतून ॲम्पमध्ये जाते, तिथं वाढते आणि स्पीकरमधून आवाज होऊन बाहेर पडते. म्हणजे ॲम्प हा त्या गिटारचा भोपळाच. तो वाईट असला तर गिटार कितीही चांगली असून उपयोग नाही.

आता व्हॉल्व्ह. शेतात पाइपलाइनवरचा व्हॉल्व्ह आपण हातानं जरासा फिरवतो आणि मोटारीचं सगळं पाणी कमीजास्त होतं. जोर मोटारीचा, हात फक्त वळवण्यापुरता. हेही तसंच आहे. हवा काढून घेतलेली काचेची नळी असते. आत एक भाग तापतो आणि त्याच्यातून विजेचे कण दुसऱ्या टोकाला धावतात. मध्ये जाळी असते. गिटारची किंचित वीज त्या जाळीला मिळाली की मोठा प्रवाह तिच्या तालावर कमीजास्त होतो. ही जाळी १९०६ साली अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी बसवली. पूर्वीचे रेडिओ लावल्यावर तापायला थोडा वेळ घ्यायचे, मग बोलायचे, ते ह्याच नळ्यांमुळे.

पुढं ट्रान्झिस्टर आले. ते स्वस्त, हलके आणि दणकट. मग रॉकवाले जुन्या नळ्यांना का चिकटून आहेत? कारण व्हॉल्व्हला ताकदीबाहेर रेटलं तर त्याचा आवाज एकदम फाटत नाही, हळूहळू घोगरा आणि जाड होत जातो. हलकं वाजवलं तर स्वच्छ, जोरात वाजवलं तर घोगरा. रॉकमध्ये तोच घोगरा आवाज हवा असतो. पण शिकाऊ मुलांना ट्रान्झिस्टरचा ॲम्प पुरतो. आमच्या मुलीनंही पहिली दोन वर्षं त्यावरच काढली. ज्याची कमाई वाजवण्यावर सुरू झाली आहे, त्यानंच व्हॉल्व्हचा विचार करावा.

पहिला प्रश्न, केवढा घ्यायचा? मुलीच्या मनात ५० वॉटचा ॲम्प होता, वर मशीन आणि खाली वेगळा स्पीकरचा खोका. आपल्याला वाटतं, ५० वॉट म्हणजे २५ वॉटच्या दुप्पट आवाज. कान तसा हिशोब करत नाही. वॉट दुप्पट केले तर आवाज थोडासाच वाढलेला जाणवतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. लहान हॉल, हॉटेल ह्यांना व्हॉल्व्हचे १५ ते २० वॉट पुरतात. आणखी एक गंमत आहे. तो घोगरा आवाज ॲम्प रेटल्यावरच येतो. मोठा ॲम्प तिथपर्यंत रेटायचा तर हॉटेलमधली माणसं कानावर हात ठेवून उठून जातील. लहान ॲम्पमध्ये तोच आवाज सोसेल एवढ्यावर मिळतो.

मग मोठे ॲम्प निघाले कशाला? १९६२ साली लंडनमध्ये ड्रमचं दुकान चालवणारे जिम मार्शल यांनी आपले ॲम्प बनवायला घेतले आणि तीनचार वर्षांत १०० वॉटपर्यंत गेले. तेव्हा आजच्यासारखी हॉलची साउंड सिस्टीम नव्हती. गिटारचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत ॲम्पलाच न्यावा लागे. तरी पुरं पडत नसे. १५ ऑगस्ट १९६५ ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्सचा कार्यक्रम झाला. व्हॉक्स कंपनीचे १०० वॉटचे ॲम्प होते, पण ५५ हजार लोकांच्या किंकाळ्यांत वाजवणाऱ्यांनाच आपलं वाजवणं ऐकू येईना. आज लहान ॲम्पसमोर माइक ठेवतात आणि मोठा आवाज साउंडवाल्याची सिस्टीम करते. तेव्हा ॲम्प आपल्यापुरता असला की भागतं.

दुसरा प्रश्न आक्कांनी विचारला, आणि तिथंच सगळं फिरलं. "अगं पोरी, हे उचलणार कोण?"

मुलगी गप्प झाली. ती एसटीनं ये-जा करते. मग आम्ही वजनं मांडली. १५ लिटरचा भरलेला हंडा म्हणजे १५ किलो आणि वर हंड्याचं वजन. घरचा भरलेला गॅस सिलिंडर सुमारे ३० किलो. फेंडर कंपनीचा ट्विन रिव्हर्ब नावाचा ८५ वॉटचा ॲम्प जवळपास सिलिंडरएवढा भरतो. मार्शलचा चार स्पीकरचा खोका त्याहून जड, आणि वरचं मशीन वेगळं. ह्याउलट फेंडरचा ब्लूज ज्युनिअर १५ वॉटचा, सुमारे १४ किलोचा, एका हंड्याचं ओझं. व्हॉक्सचा एसी १५ही १५ वॉटचाच, पण २२ किलोच्या आसपास. म्हणून वॉट सारखे दिसले तरी वजन वेगळं विचारायचं. मशीन आणि स्पीकर एकाच खोक्यात असलेला ॲम्प घ्यावा, त्याला कॉम्बो म्हणतात. दोन वस्तू म्हणजे दोन फेऱ्या, नाहीतर दर कार्यक्रमाला टेम्पो.

तिसरी गोष्ट, बटणं कमी असावीत. आवाज, जाडबारीक सूर आणि थोडा घुमारा एवढं असलं की पुरे. स्टेजवर अंधार असतो, वेळ दहा मिनिटांचा असतो. शिवाय जेवढे भाग जास्त, तेवढी बिघडायची ठिकाणं जास्त.

चौथी गोष्ट, दुरुस्ती. व्हॉल्व्ह झिजतात. नेहमी वाजवणाऱ्याला पुढच्या, म्हणजे ताकदीच्या नळ्या वर्षा-दोन वर्षांनी बदलाव्या लागतात, लहान नळ्या जास्त टिकतात. आज ह्या नळ्या मुख्यतः रशिया, चीन आणि स्लोव्हाकियात बनतात. म्हणून सर्रास मिळणाऱ्या नळ्यांचा ॲम्प घ्यावा. ईएल ८४ आणि १२ एएक्स ७ ही नावं वहीत लिहून ठेवा. एक जादा जोडी कापडात गुंडाळून सोबत ठेवावी. नवी जोडी बसवल्यावर काही ॲम्पची आतली जुळणी करावी लागते, ते काम कारागिराचंच.

पाचवी गोष्ट जिवाची आहे, नीट ऐका. ॲम्पच्या आत ३०० ते ४०० व्होल्ट किंवा त्याहून जास्त वीज असते आणि पिन काढल्यावरही ती आत साठून राहते. घरी कुणी ते उघडायचं नाही. स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्हचा ॲम्प चालू करायचा नाही, आतला ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. प्लग तीन पिनांचाच हवा आणि जागेला अर्थिंग हवं. गिटार वाजवणाऱ्याचा हात तारांवर असतो आणि ओठ माइकला लागतात. १९७२ साली वेल्समधल्या स्वानसी इथं लेस हार्वी नावाचा गिटारवादक अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून स्टेजवरच गेला. मांडवातली वायरिंग आपण सगळ्यांनी पाहिली आहे. मुलीला आम्ही सांगितलं, टेस्टर पर्समध्ये ठेव आणि शंका आली तर वाजवू नकोस.

सहावी गोष्ट, अमेरिकेतला जुना ॲम्प कुणी स्वस्तात देत असेल तर मागची पट्टी वाचा. तिकडं १२० व्होल्ट, आपल्याकडं २३०. तसाच लावला तर जळेल, आणि वेगळा ट्रान्सफॉर्मर घेतला तर त्याचं ओझं आलंच.

जुना ॲम्प घेताना अर्धा तास वाजवून बघावा. पाच मिनिटांत सगळे चांगलेच वाजतात, तापल्यावर दोष कळतो. गिटार न लावता आवाज वाढवून मोठी घरघर येते का, बटण फिरवताना खरखर होते का, खोक्याला टिचकी मारली तर नळ्या किणकिणतात का, हे बघायचं. जळका वास आला तर उठायचं.

मुलगी महिनाभर फिरली आणि १५ वॉटचा, हंड्याएवढ्या वजनाचा जुना कॉम्बो ३२ हजारांत ठरवून आली. मग आम्ही वहीत हिशोब मांडला. दोन हजारांचे १६ हप्ते, व्याज शेकडा एक रुपया, उरलेल्या रकमेवर. पहिल्या महिन्याला २,३२० रुपये, पुढं कमी होत जाणार. सगळं मिळून ३४,७२०. भाड्यानं घेतला असता तर १६ महिन्यांचे ५१,२०० गेले असते, आणि शेवटी हातात काहीच नाही. परीक्षेच्या दिवसांत कॉलेजचे कार्यक्रम नसतात, म्हणून दोन हप्ते आधी जमा ठेवायची अट घातली. नळ्यांसाठी महिन्याला २०० रुपये बाजूला काढायचे, हेही ठरलं. सगळ्यांनी हात वर केले. आक्कांचा हात सगळ्यात शेवटी आला, पण आला.

सहाव्या महिन्यात दोन कार्यक्रम रद्द झाले, तेव्हा जमा हप्ता कामी आला. तो तिनं पुढच्या महिन्यात भरून काढला. ८ मार्चला देवळाच्या मंडपात तिनं आमच्यासाठी वाजवलं. आवाजाचं बटण तीनवरच होतं. आक्का पुढं बसल्या होत्या. नंतर म्हणाल्या, "मला काय कळलं नाही, पण पोरगी ते ओझं एकटीनं उचलून घेऊन आली, ते मी बघितलं."

तर मैत्रिणींनो, गटात कुणी न ऐकलेल्या वस्तूसाठी कर्ज मागितलं तर हसू नका आणि लगेच होही म्हणू नका. काम केवढं आहे, वस्तू कोण उचलणार, बिघडली तर कोण दुरुस्त करणार आणि महिन्याला किती सुटणार, एवढं विचारा. उत्तरं मिळाली की निर्णय अवघड राहत नाही.

पुढच्या वेळी भेटू. नमस्कार.