एरर पेजची परीक्षा : पाव शतकाचा मागोवा

मागितलेले पान सापडले नाही, किंवा सर्व्हरच्या अंतरंगात काही बिघाड झाला, म्हणजे वापरकर्त्यापुढे जे पृष्ठ येते, त्याची रचना बहुधा सर्वांत शेवटी होते आणि परीक्षा तर पुष्कळदा होतच नाही. याला आळस हे एकच कारण नव्हे. हे पृष्ठ लिहिणारा ज्या यंत्रावर बसून काम करतो, त्या यंत्राची सर्व तजवीजच अशी असते की, त्याला स्वतःला ते कधी दिसू नये. आणि गेल्या पाव शतकाचा विचार करता, ही अडचण टप्प्याटप्प्याने कशी ध्यानात येत गेली, हेच मला त्यातले मुख्य सूत्र वाटते.

मे १९९६ मध्ये एचटीटीपी १.० चा मजकूर आरएफसी १९४५ म्हणून प्रसिद्ध झाला, आणि ४०४, ५०० हे आकडे त्यात दाखल होते. त्या आकड्यांना आपल्या पसंतीचे पान जोडून देण्याची मुभा अपाचे सर्व्हरच्या ‘एररडॉक्युमेंट’ या निर्देशाने दिली. परंतु तेथे पानाचा संपूर्ण पत्ता लिहिला की सर्व्हर ब्राउझरला त्या पत्त्याकडे धाडून मोकळा होई, आणि मूळ ४०४ मार्गातच लुप्त होई. पान सुबक दिसे, त्यामुळे परीक्षकाचे समाधान होई. शोधयंत्रे मात्र ते खरेच अस्तित्वात असलेले पान समजून आपल्या दप्तरी नोंदवून घेत. पुढे १९९९ साली इंटरनेट एक्सप्लोररच्या पाचव्या आवृत्तीने, ५१२ बाइटांहून लहान असलेली ४०४ आणि ५०० ची पृष्ठे परस्पर बाजूला सारून स्वतःचेच निवेदन दाखविण्याचा प्रघात पाडला, आणि संक्षेपाने लिहिणाऱ्यांवर पानात निरर्थक मजकूर भरण्याची पाळी आली.

२००२ साली आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेट या वेबचौकटीमध्ये ‘रिमोटओन्ली’ ही मूळची तरतूद होती : परक्या यंत्रावरून येणाऱ्यास सभ्य पृष्ठ, आणि सर्व्हरवरच बसलेल्यास बिघाडाची इत्यंभूत हकीकत. जँगो आणि रेल्स या वेबचौकटींनीही विकासकाला हीच सवलत दिली. ती सोयीची खरी. पण परक्याला दिसणारे पान पाहावयाचे तर आपण परके झाले पाहिजे, हे फारच थोड्यांच्या लक्षात राहिले.

सप्टेंबर २०१० ने या उपेक्षित विषयास अकस्मात गांभीर्य आणले. ज्युलियानो रिझ्झो आणि थाय ड्युओंग यांनी ब्युनोस आयर्सच्या एकोपार्टी परिषदेत दाखवून दिले की, एएसपी डॉट नेटचा सर्व्हर निरनिराळ्या बिघाडांना जी निरनिराळी उत्तरे देतो, त्यांच्यातील सूक्ष्म भेदावरून त्याची सांकेतिक माहिती उलगडता येते. दुरुस्ती प्रसृत होईपर्यंत मायक्रोसॉफ्टने दिलेला सल्ला असा होता की, प्रत्येक चुकीस एकच एक पृष्ठ दाखवावे. जो फरक तोपर्यंत सौजन्याचा भाग गणला जाई, तो नाहीसा झाला आहे की नाही, याची खातरजमा करणे आता परीक्षकाचे कर्तव्य ठरले.

रेल्सच्या ३.२ या आवृत्तीने जानेवारी २०१२ मध्ये एरर पेज अनुप्रयोगाकडूनच तयार करून घेण्याची वाट खुली केली. त्यामुळे पृष्ठाला घरचा पेहराव मिळाला, आणि नवा धोकाही निर्माण झाला : शीर्षपट्टीत वापरकर्त्याचे नाव छापावयाचे, ते डेटाबेसमधून आणावयाचे, आणि डेटाबेस बंद पडला म्हणूनच तर ५०० चा प्रसंग ओढवलेला! जँगो आपल्या ५०० च्या साच्याला एकही चलमूल्य पुरवीत नाही. ही कृपणता मला अत्यंत शहाणपणाची वाटते. स्वयंचलित चाचण्यांचा प्रश्न निराळा : तेथे मूळ अपवाद, म्हणजे प्रणालीने उभा केलेला बिघाड, पृष्ठाआड दडू नये म्हणून रेल्स तो थेट चाचणीच्याच अंगावर येऊ देत असे. अपेक्षित अपवादांना पृष्ठ आणि अनपेक्षितांना आरडाओरड, असा मध्यममार्ग २०२३ च्या ७.१ आवृत्तीत ‘रेस्क्युएबल’ या नावाने आला.

तथापि जे पृष्ठ अनुप्रयोग संपूर्ण निजला असता त्याच्या पुढे उभा असलेला एन्जिनएक्स सर्व्हर दाखवितो, त्या ५०२ च्या पृष्ठापर्यंत यांपैकी कोणतीही चाचणी पोहोचत नाही. त्यासाठी तालमीच्या सर्व्हरवरील अनुप्रयोग जाणूनबुजून बंद करावा, दुसऱ्या यंत्रावरून ‘कर्ल’ने पान मागवावे, उत्तराच्या पहिल्या ओळीतला आकडा वाचावा, आणि त्या पानातील चित्रे व शैलीपत्रके त्याच बंद पडलेल्या अनुप्रयोगाकडून तर मागविली जात नाहीत ना, हे एकेक करून तपासावे.