चराई वाढली की गवत बदलतं

दख्खनच्या माळावर कोणतं गवत उभं आहे, यावरून तिथे चराई किती झाली ते ओळखता येतं. पवना आणि मारवेल ही बहुवर्षायू गवतं गुरांना आवडतात, म्हणून तीच आधी संपतात. पानं पुन्हापुन्हा खुडली गेली की मुळांना अन्न पुरत नाही. ती आखडतात आणि ठोंब मरतो. मोकळ्या जागेत कुसळी शिरते. तिची टोकदार कुसळं मेंढ्यांच्या लोकरीत, प्रसंगी कातडीतही रुततात. हा तोटा चटकन लक्षात येत नाही, कारण माळ दुरून हिरवाच दिसतो! मात्र चराई कायमची बंद करणंही बरं नव्हे. वाळक्या काड्यांखाली नवे फुटवे दबतात. पावसाळ्यात बी धरेपर्यंत कुरण राखावं, मग आळीपाळीने कळप सोडावेत.