दहा मिनिटांचा विसावा

वेळणेश्वराच्या देवळापासून आमचे घर हाकेच्या अंतरावर. भोवती माडांची वाडी, समोर समुद्र. गाव इतके सखल की बाहेर पडायचे म्हणजे आधी वळणावळणाची चढण चढून सड्यावर यावे लागते. कैलासवासी वडिलांची १९८४ सालची पद्मिनी मोटार ही चढण वर्षानुवर्षे निमूटपणे चढत आली. गेल्या वर्षी दसऱ्यानंतर मात्र तिने अंग टाकले.

प्रकार मोठा विलक्षण! सपाटीवर गाडी गुणी मुलीसारखी चाले. चढणीच्या मध्यावर तिचा जोर हळूहळू ओसरे, दोन आचके देऊन ती गप्प बसे. दहा मिनिटे थांबले, की काही झालेच नाही अशा थाटात पुन्हा सुरू. मागे बसलेली असे आई. तिला दर महिन्याला तपासणीसाठी चिपळूणला न्यावे लागते, आणि दुसऱ्या कुठल्याही वाहनात तिला मळमळते. तिसऱ्यांदा असे झाले तेव्हा ती म्हणाली, "अरे, किती ओढशील? देऊन टाक आता." ती गाडीविषयी बोलत होती की स्वतःविषयी, हे मला कळेना.

मी आपला अंदाजाने प्लग बदलले, कॉईल बदलली. पैसे गेले, दुखणे राहिले. भंगारवाल्याशी बोलणेही झाले. शेवटचा उपाय म्हणून शृंगारतळीच्या एका वृद्ध मिस्त्रींना बोलावले.

त्यांनी बॉनेटला हातही लावला नाही. आधी प्रश्न : "सर, बंद पडते ती चढावर की सपाटीला? एकदम की हळूहळू? सुरू होते ती किती वेळाने?"

मला आयुर्वेदातले निदानपंचक आठवले. त्यात 'उपशय' म्हणून एक प्रकार आहे. कशाने बरे वाटते यावरून रोग ओळखायचा. आमच्या रोग्याला विसाव्याने बरे वाटत होते. पण मिस्त्री म्हणाले, विसाव्याने बरी होणारी दुखणी एक नव्हे, तीन. कॉईल तापली की ठिणगी जाते, निवाली की येते. उष्णतेने नळीत पेट्रोलची वाफ धरली, तरी तेच. आणि टाकीच्या तोंडाशी कचरा अडकला, तरीही तेच!

मग आम्ही गाडी मुद्दाम चढणीवर नेऊन बंद पडू दिली. मिस्त्रींनी प्लग काढून पाहिला. ठिणगी निळी, ठसठशीत. पंपावर ओले फडके ठेवले. वाफ असती तर ती निवून गाडी सुरू झाली असती, पण नाही. टाकीचे झाकण उघडले. तरी नाही, म्हणजे टाकीची हवाही कोंडलेली नव्हती. दहा मिनिटांनी गाडी निघाली आणि वरच्या वळणावर पुन्हा थांबली. या खेपेस त्यांनी पंपाकडची नळी सोडवून सायकलच्या पंपाने टाकीच्या दिशेने हवा मारली. आत गुडगुड झाली. नळी जोडली, आणि विसाव्यावाचून इंजिन सुरू झाले!

टाकी उतरवली तेव्हा तळाशी वाटीभर तांबडा गंज निघाला. इंजिन पेट्रोल ओढी तेव्हा गंज जाळीवर जाऊन चिकटे. ओढ थांबली की खाली बसे. सपाटीला थोडे पेट्रोल पुरे, म्हणून तेथे काही जाणवत नसे. चढणीला भरपूर लागे आणि तेवढे येत नसे.

हा गंज आला कुठून? दोष माझाच. पावसाळाभर मी गाडी जवळजवळ रिकाम्या टाकीने पडवीत उभी ठेवली होती. रिकाम्या टाकीत दमट हवा शिरते, रात्री गारठून तिचे पाणी होते आणि पत्रा गंजतो. त्यातून हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. तेही पाणी धरून ठेवते आणि जुन्या रबरी नळ्यांना सोसत नाही. म्हणून टाकी धुऊन घेतली, नळ्या बदलल्या, वाटेत एक गाळणी बसवली. कॉईल आणि प्लग यांवर केलेल्या खर्चाच्या मानाने हे सारे स्वस्तात झाले.

पुढच्या महिन्यात ती चढण आली तेव्हा मी श्वास रोखून धरला होता. गाडी सड्यावर पोचली. मागे पाहतो, तो आई गाढ झोपलेली.

आता मृगाआधी टाकी भरून ठेवतो. भंगारवाला अधूनमधून डोकावतो. आई त्याला चहा देते.